स्लाऊमधला तुरुल

आमच्या डायनिंग टेबलावर बसून आम्ही शेवटचं कधी जेवलो, ते मला विचारू नका. टेबल आहे, खुर्च्या आहेत, लंडनजवळच्या स्लाऊमधल्या या घरात आलो तेव्हा हौसेने घेतलेल्या. पण टेबलावर कायम राफाएलचे कागद. संगीत लिहायचे, पाच-पाच रेघांचे, आणि त्यावर मुंग्या सोडल्यासारखे काळे ठिपके. आम्ही ताटं मांडीवर घेऊन टीव्हीसमोर जेवायचो. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या मेणबत्त्या लावायला मी ते गठ्ठे बाजूला सारले की हा किचनमधून ओरडणार, "शुला, सांभाळून! हॉर्नचं पान आहे ते!" मी म्हणणार, "मग आज हॉर्नलाच वाढ भात. मी पडते जरा."

राफाएल सांतो म्हणजे माझा नवरा. ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका वेअरहाऊसमध्ये त्याने सगळी नोकरी काढली, शेवटी शेवटी शिफ्ट सुपरवायझर होता. लहानपणी भायखळ्याला एका गोवेकर मास्तरांकडे व्हायोलिन शिकला. इथे आल्यावर व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचाच थोरला भाऊ, हातात घेतला आणि दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये हौशी ऑर्केस्ट्रात वाजवायला जाऊ लागला. एवढ्यावर थांबला असता तर मी कशाला तोंड उघडलं असतं? पण नाही. साहेबांना सिंफनी लिहायची होती. आणि ती कशावर, तर हंगेरीवर! ज्या देशात कधी पाऊल टाकलं नाही, ज्याची भाषा येत नाही, त्या देशाच्या जुन्या दंतकथांवर अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी संगीत. मी शाळेच्या किचनमध्ये कामाला. दिवसभर पोरांना मॅश आणि बीन्स वाढून, पायांचे तुकडे पडलेले असताना घरी यावं, तर माझ्या टेबलावर हंगेरीचे राजे बसलेले.

हंगेरी आमच्या घरात आली ती माझ्या सासऱ्यांमुळे. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मुंबईचे, मराठी बोलणारे ज्यू. पप्पा मात्र हंगेरीचे ज्यू. देझो सांतो त्यांचं नाव. महायुद्धाच्या आदल्या वर्षी, विशी नुकतीच ओलांडलेला हा पोरगा बोटीने मुंबईला उतरला, एका कापड गिरणीत इंजिनियर म्हणून लागला, आणि भायखळ्याच्या एका नर्सच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, प्रेमात पडला. मराठी शिकले ते तिच्यासाठी आणि गिरणीतल्या कामगारांसाठी. आणि असे शिकले की पुढे घरात दुसरी भाषाच बोलले नाहीत. गोरापान माणूस, निळे डोळे, आणि मासळीबाजारात उभं राहून विचारणार, "काय गं बाई, हा पापलेट आजचा आहे की गेल्या आठवड्याचा?" सांतो हे नाव ऐकून लोक त्यांना गोव्याचे समजायचे. ते कुणाला सुधारायला जायचे नाहीत. "असू दे की," म्हणायचे, "गोवा चांगलाच आहे."

पण हंगेरीबद्दल एक अक्षर काढतील तर शपथ. लहान राफाएलने विचारलं की उत्तर ठरलेलं, "थंडी होती. निघून आलो." त्यांची आई आणि बहीण तिकडेच राहिल्या आणि युद्धात गेल्या, एवढं सासूबाईंना माहीत होतं. तेही त्या दबक्या आवाजात सांगायच्या, पप्पा घरात नसताना. पप्पांना डाव्या कानाने ऐकू यायचं नाही. गिरणीच्या खडखडाटाने कान गेला, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. आमची मुलगी झाली तेव्हा पप्पांचा मुंबईहून ट्रंक कॉल आला, "नाव एला ठेवा." का, कशासाठी, काही नाही. नाव गोड होतं, आम्ही ठेवलं.

सासूबाई गेल्यावर आम्ही पप्पांना इकडे आणलं. पुढची खोली त्यांना दिली. मी सांगते आहे ती गोष्ट दोन हजार सात सालची. तोवर पप्पांनी नव्वदी ओलांडली होती, पाय गेले होते. सकाळी कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, केअरर यायची, घड्याळाकडे बघत बघत त्यांना उठवून खुर्चीत बसवायची आणि पळायची. बाकी दाढी, जेवण, औषधं, कपडे, सगळं माझ्याकडे. कंबर तेव्हा धरली ती अजून सुटलेली नाही. तक्रार करते का? करते. पण पप्पांची नाही. असा सासरा मिळायला नशीब लागतं. मी मोजे घालत असले की म्हणायचे, "सूनबाई, तू दमला. बस थोडं." मराठी इतकी वर्षं बोलले, पण दमला-दमली काही त्यांच्या जिभेवर बसलं नाही.

राफाएलला मात्र बापाचं ते गप्प बसणं आतून खात होतं. "माझं अर्धं रक्त कुठून आलं, हे मला कळायला नको?" असं म्हणायचा. आणि मग वेअरहाऊसमध्ये त्याला इम्रे भेटला. हा इम्रे छप्पन सालच्या उठावानंतर हंगेरीतून पळून आलेला, कॅथलिक, झुपकेदार मिशांचा, देशाचं नाव निघालं की रुमाल शोधणारा. जेवणाच्या सुट्टीत फोर्कलिफ्टला टेकून त्याने राफाएलला सगळ्या कथा सांगितल्या. हुनोर आणि मगोर या दोन भावांनी एका जादूच्या सांबराचा पाठलाग केला. सांबर काही हाती लागलं नाही, पण धावता धावता दोघं नव्या मुलखात पोचले आणि तिथेच राहिले. ही एक कथा. दुसरी एमेशे नावाच्या बाईची. तिला दिवस गेले असताना स्वप्नात तुरुल आला. तुरुल म्हणजे त्यांच्या पुराणातला मोठा ससाण्यासारखा पक्षी. आणि तिच्या पोटातून एक प्रवाह निघाला, तो वाहत वाहत परक्या देशांत पसरला. तिचा वंश परक्या भूमीवर वाढेल, असा त्या स्वप्नाचा अर्थ.

झालं! राफाएल त्या दिवशी घरी आला तो कोट न काढताच किचनमध्ये. "शुला, परक्या देशात वाहत गेलेला वंश! अगं, हे पप्पाच आहेत! भायखळा, स्लाऊ, आपली एला!" माझे हात कणकेत. मी म्हटलं, "असतील बाबा. आधी बूट काढ."

तेव्हापासून लागला तो लागलाच. शिफ्ट संपवून यायचा, तोंडावर पाणी मारायचा आणि टेबलाशी बसायचा. लायब्ररीतून पुस्तकं आणायचा. लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. इम्रे रिटायर झाला, वारलासुद्धा, तरी आमची सिंफनी सुरूच. एला शाळेतून युनिव्हर्सिटीत गेली, ब्रिस्टलला विमानांच्या इंजिनांच्या कंपनीत लागली, तरी सुरूच. माझे कित्येक रविवार त्या सांबराने खाल्ले. आणि या सगळ्याच्या मुळाशी त्याला हवं होतं ते एकच. पप्पांनी ते ऐकावं आणि म्हणावं, हो राफी, हे आपलं आहे. ऑर्केस्ट्रा काय, टाळ्या काय, सगळं त्या एका वाक्यासाठी चाललं होतं. मला ते ठाऊक होतं म्हणून तर मी मांडीवर ताट घेऊन जेवत होते.

आता खरं सांगायचं तर मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण तुरुलचा भाग तो कोपऱ्यातल्या जुन्या पियानोवर वाजवायला लागला की मी गॅस बारीक करायची. सुरुवातीला अगदी खालून, दमल्यासारखे चार सूर, आणि मग ते हळूहळू वर चढत जायचे. पप्पांच्या खोलीचं दार तेव्हा बंद असायचं आणि टीव्हीवर क्रिकेट मोठ्याने लावलेलं. राफाएल मुद्दाम लावून द्यायचा. पप्पांना आधी काही कळता कामा नये, त्यांच्यासाठी सरप्राइज.

"अरे, नव्वदीच्या माणसाला सरप्राइज देतं का कुणी?" मी किती वेळा म्हटलं. "सांगून टाक ना सरळ."

"तू गप्प बस," हा म्हणायचा. "सांगितलं तर ते नको म्हणतील. ऐकलं की बोलतील. बघ तू."

त्या वर्षी ऑर्केस्ट्राची कंडक्टर ग्वेन हिने स्प्रिंगच्या कॉन्सर्टमध्ये त्याची सिंफनी घ्यायचं कबूल केलं. ही ग्वेन एका शाळेत म्युझिक शिकवते, बाई कडक, पण मनाची चांगली. राफाएल नवस बोलला होता, तो मी फेडला. आमच्यात एलियाहू हान्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात, भिजवलेले गोड पोहे, खोबरं, वर फळं. मी ताट मांडलं, आशीर्वाद म्हटले. पप्पांनी केळं खात विचारलं, "कशाचा मलिदा?" राफाएल म्हणाला, "तब्येतीचा, पप्पा." पप्पा म्हणाले, "चांगलं आहे, माझा तब्येत चांगलाच आहे."

मग आमच्या घराचा कारखाना झाला. एला दर शनिवारी ब्रिस्टलहून यायची. संगीत तिने कॉम्प्युटरवर उतरवलं होतं, आता प्रत्येक वाद्याची वेगळी पानं छापायची आणि चिकटपट्टीने जोडायची. त्यात एक भानगड. पान उलटायची वेळ अशा जागी यावी लागते जिथे वाजवणाऱ्याचा हात मोकळा असेल. नाहीतर भर सुरात बिचारा पानाशी झटापट करत बसणार. सेलोवाल्यांची पानं आम्ही तीनदा फाडून जोडली. मी चिकटपट्टी कापत होते आणि मनात म्हणत होते, देवा, एकदाचं होऊन जाऊ दे. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनवाले कमी पडत होते, ते ग्वेनने एका ब्रास बँडमधून मागून आणले. सगळे तुरुलसाठी.

कॉन्सर्ट रविवारी दुपारी होती, पण पप्पांना त्या गर्दीत नेणं मला धोक्याचं वाटलं. म्हणून आदल्या रविवारच्या रिहर्सलला त्यांना न्यायचं ठरलं. हॉल रिकामा, चहा मिळेल, कंटाळले तर घरी आणता येईल. कौन्सिलच्या व्हॅनमधून व्हीलचेअर नेली. मी त्यांना तपकिरी सूट घातला, टाय बांधला. "कुणाचा लग्न आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "राफीने काहीतरी लिहिलंय, ते अख्खा ऑर्केस्ट्रा वाजवणार आहे."

"राफीने?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "एवढे लोक वाजवणार?"

पहिला भाग सांबराचा. दोन हॉर्न, त्यातला एक घाबरलेला. पण वाजवलं बाई छान. मी पप्पांच्या उजव्या बाजूला बसले होते, चांगल्या कानाकडे. ते मान थोडी तिरकी करून ऐकत होते आणि ब्लँकेटवर त्यांचं एक बोट हलत होतं. व्हायोलांच्या रांगेतून राफाएल सारखा आमच्याकडे बघत होता. साठीचा माणूस, पण शाळेच्या गॅदरिंगमधल्या पोरासारखा बघत होता. मी त्याला हाताने खूण केली, आवडतंय, आवडतंय.

मध्ये सगळे चहासाठी थांबले. एला धावत आली, हातात छापून आलेलं पोस्टर. "आजोबा, बघ ना, माझा पोस्टर! मी केली!" मी म्हटलं, "बघा म्हणावं गं, बघ काय?" तिचं मराठी असंच, इकडे जन्मलेल्या पोरांचं. तिने ते त्यांच्या मांडीवर पसरलं. काळा पक्षी, पंख दोन्ही बाजूंना ताणलेले, पंजात तलवार. तिला इंटरनेटवर मिळालेलं चित्र, तिने पांढऱ्यावर काळं असं झकास छापून घेतलं होतं.

पप्पा बघत राहिले. मला वाटलं, ओळख पटतेय, आता डोळ्यांत पाणी येणार. त्यांनी ते पोस्टर उचललं नाही, त्यावरचा हात मात्र काढून घेतला. मांडीवर गरम भांडं ठेवावं तसे ते मागे सरकले. "हा इथे कसा आला?" त्यांनी मला विचारलं.

तेवढ्यात ग्वेनने हात वर केला. दुसरा भाग सुरू झाला. खालचे चार सूर, मग सगळे ट्रम्पेट उभे राहून. पप्पांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की दोन दिवस वळ होता. "सूनबाई, घरी. आत्ता."

"पप्पा, राफीचं आहे, थोडं थांबा ना."

"आत्ता!"

काय करणार? मी ब्रेक काढला आणि खुर्ची दाराकडे वळवली. त्या हॉलची फरशी लाकडी, चाकं करकरत होती. ट्रम्पेट वाजतच होते. दारातून मागे बघितलं तर राफाएलचा व्हायोला मांडीवर आणि तो आमच्याकडे बघतोय. बाकी सगळे वाजवतायत आणि हा एकटा बसलाय.

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते सांगवत नाही. राफाएल आरडाओरडा करणारा माणूस नाही. त्याने कोटसुद्धा काढला नाही, पप्पांच्या दारात उभा राहून म्हणाला, "एवढंही बसवलं नाही तुम्हाला? इतकी वर्षं लिहिलंय मी. तुमच्यासाठी लिहिलंय." पप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते, बहिरा कान वर. ऐकू गेलं की नाही कोण जाणे. एला जिन्यात बसून रडत होती, की पोस्टर वाईट झालं का. मी तिघांसाठी सूप केलं आणि तिघांनीही ते घेतलं नाही. मग मीच उभ्याने प्याले. चिडले होते मी, सगळ्यांवरच. बापावर, मुलावर, त्या मेलेल्या इम्रेवर.

दुसऱ्या दिवशी मी पप्पांची दाढी करत होते. गालाला साबण लावलेला, मी वस्तरा फिरवतेय, आणि ते एकदम बोलायला लागले. मराठीतच, दुसऱ्या कशात बोलणार?

"युनिव्हर्सिटीत एक संघटना होता. पोरांचा. सगळ्यांच्या टोपीवर तो पक्षी. बिल्ला." त्यांनी कपाळाला बोट लावलं. "सकाळी आम्ही क्लासला गेलो तर जिन्यावर दोन रांगा करून उभे होते. हातात काठ्या. ज्यू पोरं असतील त्यांनी मधून पळायचं. खालपर्यंत. मी पळालो. गाणी म्हणत होते ते. ट्रम्पेट होता एकाकडे. खाली पोचलो तर एकाने इथे मारला." त्यांचा हात डाव्या कानाकडे गेला. "त्यानंतर तिथे आवाज नाही."

मी म्हटलं, "पप्पा, आम्हाला तर वाटत होतं गिरणीत..."

"गिरणीने काय केलं? गिरणीने जेवायला दिलं." साबण सुकत होता. "आईने सांगितलं, तू निघ. तू जा, मग आम्ही येऊ, मी आणि एला."

माझा हात थांबला. "एला?"

"माझी बहीण," ते म्हणाले. "लहान. शाळेत होता. आमच्या तिकडे मेलेल्याचं नाव ठेवतात, नवीन पोरीला. तुमच्यात वेगळं आहे, म्हणून नाही बोललो."

मी वस्तरा खाली ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. इतकी वर्षं मी एला, जेवायला ये, एला, अभ्यास कर, एला, खोली आवर, असं ओरडत होते आणि हा माणूस पुढच्या खोलीत ऐकत होता.

राफाएल कामावरून आला तेव्हा मी त्याला गाडीतच गाठलं आणि सगळं सांगितलं. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मग आत आला, पप्पांच्या पलंगाशी स्टूल घेऊन बसला. मी दारात उभी.

"पप्पा, मी तो भाग काढून टाकतो. ग्वेनशी बोलतो."

"नको," पप्पा म्हणाले. "लोक बोलावले तू. पक्षी गोष्टीत चांगला असेल. तो तुला नाही चावला, मला चावला. वाजव. मी येत नाही, राग नको धरू."

"पण तुमच्यासाठीच लिहिलं होतं ना."

"मला विचारायचं मग."

"विचारलं होतं, पप्पा. लहान होतो तेव्हापासून विचारत होतो. तुम्ही सांगितलं नाही."

पप्पा छताकडे बघत राहिले. "हो," ते म्हणाले. "नाही सांगितलं."

दोघांचंही बरोबर होतं, हाच तर सगळा घोळ. कुणावर चिडायचं तेच मला कळेना. मी चहा ठेवला.

राफाएल ग्वेनकडे गेला होता, हे मला नंतर कळलं. ग्वेन म्हणाली, तुझी सिंफनी, तू म्हणशील ते. पण तुरुल काढला तर मागे-पुढे काही उरत नाही, सांबर कुठे जाणार ते कळत नाही. हेही खरं होतं. शेवटी त्याने पप्पांचा शब्द मानला. एलाने मात्र नवीन पोस्टरं केली, त्यावर नुसती अक्षरं. जुनी सगळी तिने स्वतःच्या हाताने फाडली, आणि कॉन्सर्टच्या दिवशी म्हणाली, "मी नाही येत, आई. मी आजोबाजवळ थांबते." मी मराठी सुधारायला गेले नाही.

कॉन्सर्टला हॉल भरला होता. वेअरहाऊसमधले लोक आले होते, आमच्या ज्यूंपैकी लंडनहून काही म्हातारी माणसं आली होती, शाळेतल्या माझ्या मैत्रिणी आल्या होत्या. आणि तुरुल... काय सांगू. त्या दिवशी तो जसा वाजला तसा पुन्हा कधी वाजणार नाही. भाग संपला तसे लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणे, तरी वाजवल्या. माझ्या शेजारच्या बाईने डोळे पुसले. मीही टाळ्या वाजवल्या, आणि वाजवताना मला पप्पांचा तो जिना दिसत होता. राफाएल खाली मान घालून बसला होता. ग्वेनने त्याला हाताने उभं केलं, तेव्हा उभा राहिला. शेवटी त्याला मोठा पुष्पगुच्छ दिला, आणि बेसिंगस्टोकच्या कुठल्याशा ऑर्केस्ट्राचा माणूस येऊन म्हणाला, आम्हाला हे हवंय, विशेषतः तो मधला भाग.

आयुष्यभर ज्या दिवसासाठी हा माणूस खपला, तो दिवस असा आला.

परत येताना राफाएल गाडी चालवत होता. राउंडअबाउटला म्हणाला, "तोच आवडला सगळ्यांना."

"छानच होता रे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

घरासमोर गाडी लावली. त्याने पुष्पगुच्छ मागच्या सीटवरून उचलला, डिकी उघडली आणि आत ठेवला. डिकी बंद केली.

पप्पा जागे होते, एला पलंगाच्या कडेला बसून त्यांना संत्रं सोलून देत होती. बाहेर अजून उजेड होता. "झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, पप्पा."

"आणि तो पक्षी?"

राफाएल स्टुलावर बसला. "नाही जमला," तो म्हणाला. "लोकांना नाही आवडला तो. पुन्हा नाही वाजवायचा आता."

मी खोटं सहन करणारी बाई नाही. माझ्यासमोर कुणी खोटं बोललं की माझं तोंड आपोआप उघडतं. त्या दिवशी नाही उघडलं. पप्पांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं, खूप वेळ. मग आपला सुरकुतलेला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "वाईट झालं. फार मेहनत केला तू."

एलाने संत्र्याची साल गोळा केली. मग राफाएलने विचारलं, अगदी लहान आवाजात, "पप्पा, तुमच्या घरी काय गायचे? राजेबिजे नाही. घरी."

"आईला गाता येत नव्हता," पप्पा म्हणाले आणि थोडंसं हसले. "एला गायची. भांडी पुसताना. रोज एकच."

"कसं होतं?"

पप्पांनी डोळे मिटले. चांगला कान उशीवरून थोडा उचलला. तोंड उघडलं, घशातून एक सूर आला, बारीक, थरथरता. मग दुसरा. हात वर आला, चाल पुढे कुठे जाते ते दाखवायला. आणि तिथेच अडला.

"खाली जायची," ते म्हणाले. "इथून खाली, आणि मग..."

राफाएलच्या खिशात कायम पेन्सिल असते. त्याने ती काढली नाही. तो पुढे झुकला होता. पप्पांनी पुन्हा पहिला सूर काढला, पुन्हा दुसरा, पुन्हा थांबले.

"गेलं रे राफी," ते म्हणाले. "कुणाला म्हणून दाखवलंच नाही कधी. गेलं."

"असू दे, पप्पा," राफाएल म्हणाला. पण पप्पांचा हात अजून हवेतच होता, आणि राफाएल त्या हाताकडे बघत बसला होता, तिसरा सूर येईल म्हणून.